तळ्याला फॉल-बिडिंग

मी बँकेत कारकून आहे आणि इंग्रजीत बँक म्हणजे काठ असाही एक अर्थ होतो. त्यामुळे काठाविषयी चार शब्द बोलण्याचा मला जन्मसिद्ध नसला तरी नोकरीसिद्ध हक्क आहे, असं मी समजतो. आमच्या सोसायटीचे चेअरमनसाहेब तसं समजत नाहीत. त्यांच्या मते बी.कॉम. झालेल्या माणसाने काठाविषयी बोलायचंच झालं तर धोतराच्या काठाविषयी बोलावं. तळ्याचा काठ हा इंजिनिअरांचा प्रांत. चेअरमनसाहेब निवृत्त इंजिनिअर आहेत हे ओघानं आलंच.

तळ्याचं नाव मी मुद्दामच सांगत नाही. सांगितलं तर उद्या तिथे आणखी चार बिल्डर येतील. आमच्या बिल्डरने आमच्याकडून चौरस फुटामागे दीडशे रुपये जास्त घेतले, कारण आमचा फ्लॅट 'लेक-फेसिंग' आहे. म्हणजे काय, तर बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या दांडीला डाव्या हाताने धरलं आणि उजवा पाय तुळशीला धक्का न लावता शेजारच्या कुंडीवर ठेवला, की पिंपळाच्या दोन फांद्यांमधून तळं दिसतं. तळ्याचं तोंड आमच्याकडे आहे की पाठ, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण स्टाफ लोनचा हप्ता दर महिन्याला वळता होतो आणि त्यात ते दीडशे रुपयेही असतात, म्हणून मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिथे वसुलीला उभा राहतो.

तर या तळ्याची एक गंमत आहे. मे महिन्यात आमच्या कंपाउंडच्या भिंतीपासून पाण्यापर्यंत माझी पासष्ट पावलं होतात. ऑगस्टमध्ये पाच. (दिवसभर दुसऱ्याच्या नोटा मोजणाऱ्या माणसाला रविवारी स्वतःची पावलं मोजायला बरं वाटतं.) मग मधली साठ पावलं कोणाची? जमिनीची की पाण्याची? बँकेत अशी मालक नसलेली रक्कम आली की मालक सापडेपर्यंत आम्ही ती 'सस्पेन्स अकाउंट'ला टाकतो. ऑडिटर आला की त्याची नजर पहिल्यांदा तिकडे जाते : सस्पेन्समधल्या पैशाला कोणी हात तर लावला नाही ना? आमच्या चेअरमनसाहेबांनी नेमका त्या साठ पावलांना हात घालायचं ठरवलं.

गेल्या सप्टेंबरमध्ये वार्षिक सभेची नोटीस लागली. हिशेब मंजूर करणे, ऑडिटर नेमणे, थकबाकीदारांची नावं वाचून दाखवणे (हा करमणुकीचा भाग) वगैरे झाल्यावर सातवा विषय होता : 'तलावाभिमुख बोर्डवॉक उभारणेबाबत विचार करणे'. आठवा 'आयत्या वेळचे विषय', नववा अल्पोपहार. 'विचार करणे' याचा सोसायटीच्या भाषेत अर्थ विचार झालेला आहे असा असतो. खर्चाचा अंदाज खजिनदार म्हणून माझ्याकडे आला. अठ्ठेचाळीस फ्लॅट, प्रत्येकी ४०,००० रुपये, एकूण १९,२०,००० रुपये.

बोर्डवॉक म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं, हे कबूल करायला हरकत नाही. शब्दकोशात बघितलं. बोर्ड म्हणजे फळी. बोर्डवॉक म्हणजे चिखलावरून, पाण्यावरून चालण्यासाठी खुंटांवर टाकलेल्या फळ्यांची वाट. बरं वाटलं. मग अंदाजपत्रकात फळ्या शोधायला लागलो. मुरूमाचा भराव, इतके ब्रास. आरसीसी रिटेनिंग वॉल. पेव्हर ब्लॉक. स्टेनलेस स्टीलचं रेलिंग. एलईडी दिवे. सिमेंटचे बाक, 'लाकडी फिनिश'. म्हणजे बागांमधून सिमेंटवर झाडाची साल काढून तपकिरी रंग देतात ना, ते. वर गाठीसुद्धा काढतात. 'सेल्फी पॉइंट', बदामासकट. पान दोनवर अगदी शेवटी एक बोर्ड सापडला. ग्रॅनाइटचा, उद्घाटनाचा, चेअरमनसाहेबांच्या नावाचा. एकूण बोर्डवॉकमध्ये बोर्ड तेवढाच.

"अगं, यात लाकडाचा तुकडासुद्धा नाही," मी हिला म्हणालो.

"नसू दे. लाकडाला वाळवी लागते," ही भाजी निवडत म्हणाली. "आणि खरं सांगू का? साडीला फॉल-बिडिंग केलं की कशी चापूनचोपून बसते. त्या तळ्याच्या कडा बघा कशा लोंबताहेत नुसत्या. गवत काय, चिखल काय. एकदा नीट शिवून घेतल्या तर काय बिघडलं?"

माझ्या संसारात मला आजवर इतकं चांगलं उदाहरण मिळालेलं नाही, आणि ते नेमकं विरुद्ध पक्षाने दिलं. पण वाचकहो, साडी मागावरून उतरते ती पुरी होऊन. दुकानात साडेपाच मीटर होती ती घरी आल्यावर पावसाळ्यात साडेसहा होत नाही. तळं होतं! त्याची तुलना करायचीच तर वाढत्या अंगाच्या पोराच्या विजारीशी करा. पूर्वीचे शिंपी खाली चार बोटं जास्तीचं कापड आत दुमडून ठेवायचे, जून महिन्यात शाळा सुरू झाली की उसवायला. ती साठ पावलं म्हणजे तळ्याचं आत दुमडलेलं कापड आहे. चेअरमनसाहेब ते कापून टाकून तिथे बिडिंग मारायला निघाले होते.

सभा रविवारी सकाळी दहाला गच्चीवर भरली. सातव्या विषयावर चेअरमनसाहेब उभे राहिले आणि त्यांनी आम्हाला सुधारलेल्या देशांत नेलं. तिथे म्हणे तळ्याकाठच्या प्रत्येक घरापुढे अशी वाट असते. त्यांचा मुलगा अमेरिकेत मिनेसोटा राज्यात असतो. त्या राज्याच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर 'दहा हजार तळी' असं लिहिलेलं असतं. मुलाने पाठवलेला फोटो सगळ्यांना दाखवण्यात आला : निळं पाणी, त्यात शिरलेली लाकडी वाट, टोकाला खुर्ची, खुर्चीत मुलगा, हातात काहीतरी (ताक असावं). गच्चीवर एक उसासा उठला. पुरावा म्हणून चेअरमनसाहेबांनी तिथल्या तिथे मुलाला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे शनिवारची रात्र होती. त्यांचं हे करणं म्हणजे साक्षीदाराची आधी तयारी न करून घेता त्याला पिंजऱ्यात उभा करण्यासारखं होतं.

"बाबा, तो बोर्डवॉक नाही, डॉक आहे," मुलगा म्हणाला. "आणि पुढच्या महिन्यात तो उचलायचाय."

"उचलायचाय म्हणजे?" चेअरमनसाहेब.

"थंडीत तळं गोठतं ना. बर्फ खांब वाकवतो, उपटतो. म्हणून सगळे शरदात डॉक सुटा करून अंगणात आणून ठेवतात. वसंतात परत लावायचा."

मी पुढे सरसावलो. "आणि रुंदी किती रे त्याची?"

"काका, आठ फुटांपेक्षा जास्त नसावी असा इथला नियम आहे."

आमच्या अंदाजपत्रकात बारा फूट होती.

"आणि बाळ, तळ्यात मुरूम टाकून भिंत बांधायची म्हटली तर?"

"छे छे! तळ्यात भराव घालायला राज्याची परवानगी लागते. शिवाय इथे तळं कुठे संपतं ते आजच्या पाण्यावरून ठरवत नाहीत काका. पाणी जितकं वर येऊन बराच काळ राहतं, तिथे खूण राहते. साधारण पाण्यातल्या वनस्पती संपून जमिनीवरच्या सुरू होतात ती रेषा. तिथपर्यंत सगळं तळंच."

रेंज गेल्याचं चेअरमनसाहेबांनी जाहीर केलं. मुलाचा चेहरा पडद्यावर स्पष्ट दिसत होता आणि तो "हॅलो, हॅलो" म्हणत होता, पण रेंज गेली होती.

एवढं झाल्यावर मी बोलायला उभा राहिलो. मी सभेत सहसा बोलत नाही, आकडे वाचतो. पण त्या आठवड्यात मी बरंच वाचन करून ठेवलं होतं, आणि वाचलेलं वाया घालवणं माझ्या स्वभावात नाही. मी सांगितलं की इंग्लंडात सॉमरसेट नावाच्या परगण्यात १९७० साली पीट खणताना रे स्वीट नावाच्या कामगाराला जमिनीखाली एक फळी लागली. पुढे खणलं तर दलदलीतून दीडेक किलोमीटरच्या वर जाणारी वाट निघाली. खुंट एकमेकांवर तिरके फुलीसारखे ठोकलेले आणि त्या फुलीच्या खोबणीत एकापुढे एक ओकच्या फळ्या. त्या लाकडाच्या वर्तुळांवरून झाडं कधी तोडली तेसुद्धा शास्त्रज्ञांनी काढलं : इसवी सनापूर्वी ३८०७ आणि ३८०६ यांच्यामधला हिवाळा. 'स्वीट ट्रॅक' म्हणतात तिला. म्हणजे चाकसुद्धा ज्यांच्याकडे नव्हतं अशा शेतकऱ्यांना जवळजवळ सहा हजार वर्षांपूर्वी कळत होतं की दलदल पार करायची तर दलदल बुजवायची नसते, तिच्यावरून एक फळी टाकायची असते. एकच फळी. समोरून कोणी आलं तर काय करत असतील देव जाणे. बहुधा नमस्कार करून मागे फिरत असतील.

"मग ती फळी सहा हजार वर्षं कुजली कशी नाही?" मागून कोणीतरी विचारलं. प्रश्न चांगला होता. लाकूड पूर्ण पाण्याखाली, चिखलात, हवा लागणार नाही असं राहिलं तर टिकतं. व्हेनिस शहर याच हिशेबावर लाकडी खुंटांवर उभं आहे. लाकूड कुजतं ते पाण्याच्या रेषेपाशी, जिथे आज ओलं उद्या कोरडं होतं तिथे. त्यामुळे खऱ्या फळ्यांच्या वाटेला दर काही वर्षांनी डागडुजी लागते हे मी लपवलं नाही. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीलासुद्धा लागते. पण बाकीचे तिचे गुण ऐका. दोन फळ्यांत बोटभर फट ठेवली की पाऊस खाली जातो, ऊन खाली जातं, आणि ऊन जातं म्हणून खाली गवत जगतं. वाट ऑगस्टच्या पाण्याच्या वर उचललेली असली की पाणी खालून बिनतक्रार येतं-जातं. आणि नकोशी झाली तर स्क्रू काढून परत. सिमेंटच्या भिंतीला 'चुकलो, माफ कर' म्हणून खिशात घालता येत नाही.

"पण त्या चिखलात आहे काय एवढं?" सेक्रेटरी म्हणाले.

काय आहे? हा प्रश्न मला तळ्यावर जाळं टाकणाऱ्या मामांनी दोन वर्षांपूर्वीच समजावून दिला होता. पहिल्या पावसाला मासे चढणीला लागतात. नव्यानेच पाण्याखाली गेलेल्या उथळ गवतात येऊन अंडी घालतात, कारण खोल पाण्यात ती पोरं मोठ्यांच्या पोटात जातात. जून-जुलैत त्या साठ पावलांत पाळणाघर चालतं. थंडीत पाणी मागे सरकलं की उघड्या चिखलात शेकाट्या आपल्या लाल काड्यांवर तोल सावरत किडे टिपतो, तुतवार शेपूट हलवत फिरते. एक बदक तर असं आहे की त्याच्या काळ्या चोचीच्या टोकाला पिवळा आणि कपाळापाशी तांबडा ठिपका असतो. त्याला आपल्याकडे नावच 'हळदी-कुंकू' आहे. (हे मी हिच्याकडे बघून म्हणालो. ही गालातल्या गालात हसली. एक मत फिरलं अशी माझी समजूत झाली.) काठावरची लव्हाळी आणि पाणकणसं वरून वाहत येणारा गाळ अडवतात आणि आपल्याच नळ्यांमधून जाणाऱ्या घाणीतलं नत्र-स्फुरद मुळांनी शोषून घेतात. पगार नाही, महागाईभत्ता नाही, संप नाही. त्यांना काढून तिथे सरळ उभी भिंत बांधली की बेडकाला वर चढता येत नाही, कासवाला येत नाही, आणि लाटा भिंतीवर आपटून परत फिरताना भिंतीच्या पायाखालची माती घेऊन जातात. मग भिंत खचते, मग दुरुस्तीचं टेंडर निघतं. हा शेवटचा भाग चेअरमनसाहेबांना माझ्यापेक्षा चांगला माहीत असणार.

ते म्हणाले, "तुम्ही पवईला जाऊन बघा. मुंबई महानगरपालिकेसारखी संस्था तळ्याभोवती सायकल ट्रॅक बांधते आणि तुम्ही आम्हाला बेडकाच्या गोष्टी सांगता!"

यावर मी काही क्षण शांत बसलो. क्रिकेटमध्ये सोपा झेल उंच उडाला की क्षेत्ररक्षक जसा आनंद लपवतो, तसा. पवईचं तळं १८९०-९१च्या सुमारास पिण्याच्या पाण्यासाठी बांधलं, पुढे ते पाणी पिण्याला नालायक ठरलं. आज त्यात मगरी आहेत आणि जलपर्णी आहे. त्याच्याभोवती सुमारे दहा किलोमीटरचा सायकल आणि जॉगिंगचा ट्रॅक करायचं महापालिकेने काढलं. जाळीच्या खोक्यांत दगड भरायचे, त्यातून पाणी आरपार जातं, म्हणून हा भराव म्हणजे भराव नव्हेच, असं तिचं म्हणणं. आयआयटीतले संशोधक विद्यार्थी आणि पर्यावरणवाले कोर्टात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये ते काम बेकायदा ठरवलं आणि केलेलं बांधकाम काढून जागा होती तशी करून द्या असं सांगितलं. म्हणजे बांधायचा खर्च, काढायचा खर्च आणि मध्ये वकील. बँकेत आम्ही याला 'एंट्री रिव्हर्स करणे' म्हणतो, पण आमच्याकडे ज्याने चुकीची एंट्री केली त्याला मेमो मिळतो.

आणि नियम काही गुप्त नाही. केंद्राच्या २०१७च्या पाणथळ जागांच्या नियमांत लिहिलं आहे की गेल्या दहा वर्षांतल्या पुराच्या पाण्याची जी सरासरी उंच पातळी, तिथपासून पन्नास मीटरच्या आत, बोटींचा धक्का सोडून कायमचं बांधकाम करायचं नाही. पुराच्या पाण्यापासून, मेच्या पाण्यापासून नव्हे! म्हणजे मिनेसोटाचा कायदा वनस्पती बघून जे बोलतो तेच आपला नियम पूर बघून बोलतो : ती साठ पावलं तळ्याची.

हे वाचून दाखवताना माझा आवाज शेवटी जरा बारीक झाला, कारण माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. ऑगस्टमध्ये पाणी आमच्या भिंतीपासून पाच पावलांवर असतं. म्हणजे पन्नास मीटरच्या आत आमचा पंप आहे, आमचं पार्किंग आहे, आणि तिसऱ्या मजल्यावर दांडीला लोंबकळणारा मीही आहे. इमारत त्या नियमाच्या आधीची आहे, कागद सगळे शुद्ध आहेत, मीच तपासलेत. पण सस्पेन्स अकाउंटमध्ये पहिला हात घातला तो आमच्या बिल्डरने, आणि त्या हाताची मजुरी दर महिन्याला माझ्या पगारातून कापली जाते. हे मी सभेत बोललो नाही. इथे बोलतो.

तेवढ्यात तळमजल्यावरचे आजोबा काठी टेकत उभे राहिले. ते म्हणाले, "तुमचं बदक खरं, मासा खरा. पण डॉक्टरने मला रोज अर्धा तास चालायला सांगितलंय. मी चालू कुठे?"

आता याला उत्तर काय? माणूस खोटं बोलत नव्हता. हिलासुद्धा साखरेपायी चालायचं आहे, आणि ती रस्त्यावर चालायला गेली की परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागतो. चालायला जागा हवी हे शंभर टक्के मान्य. पण ती जागा गेली कुठे? बिल्डरच्या नकाशात इमारतीभोवती सहा फुटांची पायवाट दाखवली होती. तिच्यावर पांढऱ्या रेघा मारून आपण गाड्या लावल्या. पार्किंगचे पैसे दरमहा माझ्याच वहीत जमा होतात. बाहेर फुटपाथ होता. तिथे आपल्या दुसऱ्या गाड्या आहेत. म्हणजे चालायच्या दोन वाटा आपण गाड्यांना देऊन टाकल्या, आणि आता तिसरी वाट तळ्याकडून वसूल करायची! कर्जदार सापडत नाही म्हणून जामीनदाराच्या घरी जप्ती न्यावी, त्यातला प्रकार. मी सुचवलं की पूर्वेकडच्या बाजूच्या अकरा गाड्या हलवा, आजोबांना उद्या सकाळी चालता येईल, खर्च शून्य. आणि तळ्याचीच हवा खायची असेल तर रीतसर परवानगी मागू. मिळाली तर चार फूट रुंद, तीस पावलं लांब, खुंटांवर फळ्या टाकून पाण्याकडे जायचं, टोकाला बसायचं, त्याच वाटेने परत यायचं. दिवे नाहीत, बदाम नाही.

अकरा गाड्यांचे अकरा मालक एकदम उभे राहिले. आयुष्यात मी एवढी एकजूट फक्त पगारवाढीच्या मोर्चात पाहिली आहे.

मतं घेतली. एकतीस सभासद हजर होते. बाजूने एकोणीस, विरुद्ध बारा. हिने कोणत्या बाजूने हात वर केला ते मी सांगणार नाही. मात्र फ्लॅट दोघांच्या नावावर असून मत एकच असतं आणि सहीत तिचं नाव पहिलं आहे. ठराव 'सर्व परवानग्यांच्या अधीन राहून' मंजूर झाला. परवानग्यांचं काय, असं विचारल्यावर चेअरमनसाहेबांनी "वर बोलणं झालंय" असं म्हणून बोट आकाशाकडे केलं. आम्ही गच्चीवर असल्यामुळे वर खरोखरच कोणी नव्हतं.

मुरूमाच्या आगाऊ रकमेचा चेक माझ्यापुढे आला. आमच्या खात्यावर चेअरमन आणि खजिनदार अशा दोन सह्या लागतात. मी परवानगीचा कागद मागितला. कागद येईपर्यंत सही करणार नाही असं लेखी दिलं आणि सोबत खजिनदारपदाचा राजीनामाही जोडला, म्हणजे पुढचं बोलणं टळावं. राजीनामा पुढच्याच कमिटीत एकमताने मंजूर झाला, आभार मानण्यात आले, नारळ देण्यात आला.

याला नऊ महिने झाले. नवा खजिनदार मिळालेला नाही. अठ्ठेचाळीस फ्लॅटमध्ये दर महिन्याला मेंटेनन्सची वसुली करून शिव्या खायला दुसरा कोणी तयार नाही. चेअरमनसाहेबांनी दोनदा नोटीस लावली. तिच्यावर कोणीतरी पिझ्झाची जाहिरात चिकटवली. खात्यावर सही अजून माझीच चालते आणि चेकबुक माझ्या कपाटात, हिच्या काठापदराच्या साड्यांखाली आहे. परवा पहिला पाऊस झाला. सकाळी भिंतीपासून पावलं मोजली, अठ्ठेचाळीस भरली. मामा गुडघाभर गवतात उभे होते. मी हात केला तर तोंडावर बोट ठेवून त्यांनी मला गप्प राहायची खूण केली.